खेळवणाऱ्यांचा खेळ

मैदानाकडे पाहिले की माणसांचे दोन वर्ग चटकन डोळ्यांत भरतात: खेळणारे आणि बघणारे. तिसरा एक वर्ग असतो, पण तो सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. तो खेळवणाऱ्यांचा. लग्नात नवरानवरी मिरवतात, वऱ्हाडी मंडळी जेवतात. परंतु पहिली पंगत कधी बसवायची, बुंदी कुठवर पुरवायची, रुसलेल्या व्याह्यांच्या शेजारी कोणाला बसवले म्हणजे ते चार घास जास्त जेवतील, हे सारे घरातला कोणी एक काका मांडवाच्या कोपऱ्यात उभा राहून ठरवीत असतो. तो स्वतः जेवतो सर्वांच्या शेवटी, थंड वरणाशी. फोटोत तो नसतो. पण लग्न नीट पार पडले तर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते नवरदेवाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही.

आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात गाजले तेही अशा खेळवणाऱ्यांमुळेच. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या रानात लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह आमच्या गावी झाला. अडगावच्या मातीत कोण कोण पडले, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. तह मात्र मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि मुले तो सनावळीसकट पाठ करतात. लढणारे वेगळे, ठरवणारे वेगळे. आणि डाव मोठा असला की ठरवणाऱ्यांची नावे मागे राहतात. डाव लहान असला, तर त्या काकांसारखे थंड वरण.

या तिसऱ्या वर्गाच्या माणसांसाठी विलायतेत एक खेळ निघालेला आहे. संगणकावर खेळायचा. नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. गंमत अशी की, नाव फुटबॉलचे असले तरी खेळणाऱ्याला चेंडूला पाय लावायची यात सोयच नाही. तुम्ही एखाद्या संघाचे व्यवस्थापक व्हायचे. कोणता गडी आत घ्यायचा, कोणाला बाकावर बसवायचे, कोणाला विकायचे, कोणाची समजूत काढायची, सरावात घाम किती गाळायचा, डाव चढाईचा की बचावाचा, एवढे तुम्ही ठरवायचे. मग सामना सुरू होतो आणि गडी किंवा डाव बदलण्यापलीकडे तुमच्या हाती फारसे काही उरत नाही. मुलांना परीक्षेला बसवून व्हरांड्यात येरझाऱ्या घालणाऱ्या मास्तरासारखी तुमची अवस्था होते.

हा प्रकार तसा जुना आहे. १९८२ साली केविन टॉम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने याच नावाचा एक साधा खेळ तयार केला होता. पण आज जगभर गाजतो आहे तो खेळ निराळा. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी तो घरी बसून रचला आणि १९९२ साली ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने तो बाजारात आला. पुढे २००३ च्या सुमारास त्यांचे आणि प्रकाशकाचे फाटले. वाटणीत नाव गेले प्रकाशकाकडे. खेळाची आतली सारी रचना आणि खेळाडूंची माहिती राहिली या भावांच्या मंडळीकडे. भाऊबंदकीत वाड्याचे नाव एकाला मिळावे आणि विहीर दुसऱ्याला, तसे झाले. विहीर ज्याच्याकडे राहिली त्याचाच मळा पुढे हिरवा राहिला, हे शेतकऱ्यांच्या गावात सांगायला नको. २००४ साली त्यांनी ‘फुटबॉल मॅनेजर’ हे नाव घेतले आणि तेव्हापासून दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी नवी आवृत्ती काढण्याची रीत पडली. आपल्याकडे दिवाळी अंक निघतात, तसेच ते.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला या खेळाची एक गोष्ट फार आवडली. सुरुवातीची दहाएक वर्षे यात सामना मुळी दिसतच नसे. पडद्यावर नुसत्या ओळी उमटत: अमक्याने चेंडू पुढे ढकलला, तमक्याने अडवला. बाकीचे मैदान, पाऊस, चिखल, प्रेक्षकांचा कल्लोळ, हे ज्याचे त्याने मनात उभे करायचे. रेडिओला कान लावून क्रिकेटचे समालोचन ऐकलेल्या पिढीला हे सुख समजावून सांगावे लागणार नाही. २००३ साली मैदान वरून पाहिल्यासारखे दिसू लागले आणि त्यावर ठिपके धावू लागले. २००८ च्या अखेरीस ठिपक्यांना हातपाय फुटले. पण या खेळाचे जुने भक्त अजून त्या ओळींची आठवण काढतात. चार ओळींवर चाळीस पाने मनात रचणारा वाचक ज्या धंद्याला लाभला, तो धंदा भाग्याचा!

शिवाय या खेळात काळ पुढे सरकतो. दहा वर्षे गेली की खरे खेळाडू निवृत्त होतात, आणि त्यांच्या जागी जगात कधी न जन्मलेली मुले संघात येतात. त्यांना नाव असते, गाव असते, स्वभाव असतो. कोणी घरच्या आठवणीने झुरतो, कोणी कप्तानावर रुसतो. माणसे त्यांच्यावर जीव लावतात. ही कादंबरी नव्हे तर काय?

हे सारे मला शिकवले ते माझ्या भाच्याने. थोरल्या बहिणीचा हा मुलगा इंजिनिअर होण्यासाठी पुण्यास गेला, इंजिनिअर झाला, आणि नंतर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी तिथेच राहिला. एकूण आठ वर्षे. २०२४ साली तो पुस्तकांच्या तीन गोणी आणि एक संगणक घेऊन परत आला. गोणी माळ्यावर गेल्या. संगणक खाली राहिला. वऱ्हाडातल्या वाचकांना अशा मुलाची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रत्येक गल्लीत एक आहे. तो सकाळी उशिरा उठतो, पाहुणे आले की मागल्या दाराने बाहेर पडतो, आणि ‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाला इतका भितो की मास्तरांच्या छडीलाही कोणी तसे भ्याले नसेल.

त्याच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, एका संध्याकाळी मला बोलावून घेतले.

“तू मास्तर हायेस न भाऊ, सांग न त्याले काही. रातभर त्या डबड्यासमोर बसून रायते. मॅनेजर झालो म्हणते!” मग मुलाकडे वळून म्हणाली, “काहून रे, मॅनेजर झाला त पगार किती भेटते?”

“आठवड्याले लाखाच्या वर आहे, आई,” भाचा मान वर न करता म्हणाला.

“हातात येते का कागदावर रायते?”

“कागदावर.”

“मंग तुह्या बाबाच्या कापसासारखंच झालं की!”

यावर आम्ही तिघेही हसलो. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसले असावे, कारण हसून झाल्यावर तिघांनाही थोडे अवघडल्यासारखे झाले.

मी त्याला काही उपदेश केला नाही. शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्याच्याजवळ दोन आवृत्त्या होत्या. नवी होती २०२३ च्या नोव्हेंबरात आलेली. पण तो अधिक रमे तो २०१९ च्या जुन्या आवृत्तीत, कारण तिच्यात एफ. सी. पुणे सिटी हा संघ होता. २०१४ साली निघालेला हा संघ बालेवाडीच्या क्रीडानगरीत खेळत असे. पुण्याच्या दिवसांत भाचा हातखर्चातले पैसे वाचवून तिथे सामने पाहायला जाई. २०१९ साली पैशांच्या अडचणीत तो संघ मोडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीतली नारिंगी गर्दी विरून गेली. पण अंजनगावच्या एका खोलीत, पंख्याच्या कुरकुरीत, पुणे सिटीचे सामने चालूच होते. संघाने तिथे चार वेळा करंडकही जिंकला होता.

“तुला यात एवढं काय सापडतं?” मी विचारले. रागावून नव्हे, मला खरेच समजून घ्यायचे होते.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, परीक्षेत चार पर्याय रायतात. एक बरोबर, तीन चूक. आठ वर्षं तेच केलं. इथं कधी चारही बरोबर असते, कधी चारही चूक. आपण ठरवाचं आन मंग निभवाचं. मले अजून कोणी काही ठरवू देलं नाही न जी, एवढ्या वर्षांत.”

आणखी एक गोष्ट तो सहज बोलून गेला. या खेळात संघ हरत राहिला तर व्यवस्थापकाला काढून टाकतात. त्यालाही दोनदा काढले होते. मग दुसरीकडे अर्ज करायचा, लहान संघ पत्करायचा. “पण इथं अर्ज केला की उत्तर येते, मामा. नाही म्हणाचं असलं तरी पत्र येते.” मी त्या पडद्यावरचे पत्र वाचले. दोनच ओळींचे होते, पण सभ्य होते.

त्या रात्री घरी परतताना मनात आले, की माणसाला खेळाची भूक असते हे सारेच सांगतात. पण तिच्याइतकीच मोठी दुसरी एक भूक असते, ती जबाबदारीची. आपल्यावर काहीतरी सोपवलेले असावे, आपल्या एका हो-नाहीवर कोणाचे तरी बरेवाईट अवलंबून असावे. आपल्याकडे जबाबदारी म्हटले की ओझे असे समजतात. ज्याच्या खांद्यावर ते असते तो कुरकुरतो. पण ज्याच्या खांद्यावर कोणी काहीच ठेवत नाही, तो आतून कसा वाळत जातो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

या खेळाची २०२५ ची आवृत्ती आलीच नाही. आधी ती लांबली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने ती रद्द केल्याचे जाहीर केले. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांचे पैसे परत दिले. २००४ पासूनची रीत पहिल्यांदा मोडली. कारण असे, की जुनी रचना टाकून सारा खेळ नव्या पायावर उभारायला घेतला होता आणि तो मनाजोगता उतरला नव्हता. एका पुऱ्या वर्षाचे काम बाजूला ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. हाताने लिहिलेली तीनशे पाने पेटीत टाकून कुलूप लावणे म्हणजे काय, ते लिहिणाऱ्याला विचारावे. भाचा मात्र हिरमुसला. त्याची पूर्वनोंदणी नव्हती, पण वाट पाहणे होते; आणि वाट पाहणे त्याच्या आयुष्यात आधीच पुष्कळ झाले होते.

त्याच वर्षी जुलैत दुसरी बातमी आली. आपल्या देशातली खरी फुटबॉल लीग, इंडियन सुपर लीग, करारांच्या घोळात तूर्त थांबवण्यात आली. सामने त्या दिवाळीपर्यंत सुरू झालेच नव्हते. ज्यांचे पोट फुटबॉलवर, ते खेळाडू आणि शिक्षक बसून राहिले. भाच्याच्या संगणकात मात्र मोडलेल्या संघाचेही सामने वेळापत्रकाबरहुकूम होत होते. खोटे जग नियमाने चालावे आणि खरे अडून बसावे, हे पाहून तरुण मुले खोट्याकडे वळली तर त्यांना काय म्हणायचे?

अखेर ४ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी आवृत्ती निघाली. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. ताईने वाती वळायला घेतल्या होत्या आणि भाचा दोन वर्षांची उत्सुकता घेऊन संगणकासमोर बसला होता. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने हा खेळ घेतला होता. तासाभराने मी डोकावलो तेव्हा त्याचा चेहरा, पाठ्यपुस्तक बदलल्यावर जूनमध्ये आम्हा शिक्षकांचा होतो, अगदी तसा झाला होता.

तो एकटाच नव्हता. पहिल्या एकदोन दिवसांतच जगभरातून हजारो मते नोंदली गेली आणि त्यांतली बहुसंख्य नापसंतीची होती. सामन्याचे चित्र देखणे झाले आहे, खेळाडू खरेखुरे धावतात, हे सगळ्यांनी मानले. पण डाव्या हाताची ती ओळखीची यादी गेली, रोज उघडायची टपालाची पेटी नव्या रूपात दुसरीकडे गेली, एका टिचकीत होणाऱ्या कामाला चार टिचक्या लागू लागल्या, आणि ठिकठिकाणी बारीकसारीक बिघाड. वीस-वीस वर्षे हा खेळ खेळलेली, पोराबाळांची झालेली माणसे पोरकी झाल्यासारखी बोलत होती.

मला हे नवल वाटले. बटणांच्या जागा बदलल्या म्हणून एवढा आकांत? त्याचा उलगडा केला तो ताईने, वाती वळता वळता.

“मी शेगावले गेली होती न, तवा तुह्या बायकोनं माह्या फडताळातले डबे घासूनपुसून नवीन लावून देले होते. लय चांगले लावले होते, नाही म्हणत नाही. पण पहिले हळदीचा डबा मले अंधारात सापडे. नंतर उजेडातही सापडेना. पंधरा दिवस मले माह्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटे.”

या विषयावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले असेल; ताईच्या या वाक्यांपुढे कोणी गेले असेल असे मला वाटत नाही. हाताला सवय होते तेव्हा वस्तू नाहीशी होते आणि काम उरते. स्वयंपाक करणारीला डबा दिसत नाही, भाजी दिसते. जागा बदलली की भाजी नाहीशी होते आणि नुसते डबे दिसू लागतात. त्या हजारो माणसांना आपला संघ दिसेनासा झाला होता. दिसत होते ते डबे. ज्या जागी आपल्याला जबाबदार असल्यासारखे वाटत होते, त्याच जागी आपण उमेदवार झालो, हा त्यांचा राग होता.

करणाऱ्यांचीही बाजू आहेच. जुन्या वाड्याला टेकू तरी किती वर्षे देणार? कधीतरी पाया उकरावाच लागतो आणि तेव्हा घरच्यांना धूळ खावी लागते. टीका कानाआड न करता पुढल्या महिन्यांत त्यांनी डागडुजी चालू ठेवली. आणि त्या आवृत्तीत एक नवे दालन होते, ते मला महत्त्वाचे वाटले. या खेळात पहिल्यांदाच बायकांचे फुटबॉल आले होते. इतकी वर्षे गल्लीबोळांतल्या लहानसहान क्लबांतल्या मुलांची नोंद ठेवणाऱ्या त्या प्रचंड वहीत, अखेर मुलींची नावे लिहिली गेली.

हा योग मोठा विलक्षण होता. दोनच दिवस आधी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. गावात त्या रात्री पुन्हा दिवाळी झाली. मुलींना घडवणारे शिक्षक होते अमोल मुजुमदार. १९८८ साली शाळेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची न तुटलेली भागी केली, तेव्हा पायांना पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला पुढचा फलंदाज म्हणजे हे मुजुमदार. पाळी आलीच नाही. पुढे मुंबईकडून आणि इतरांकडून खेळताना त्यांनी अकरा हजारांवर धावा काढल्या. भारताकडून खेळायला मात्र एकदाही मिळाले नाही. त्या रात्री कर्णधार हरमनप्रीत त्यांच्या पाया पडली. सीमारेषेवर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहताना मला वाटले, की खेळवणाऱ्याची बिरुदावली याहून मोठी काय असणार? ज्याला दार उघडले नाही, त्याने दुसऱ्यांसाठी दार धरून ठेवले.

आमच्या विदर्भात असाच दुसरा माणूस आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले एकेकाळचे क्रीडाशिक्षक विजय बारसे. झोपडपट्टीतली पोरे पावसात मोडकी बादली पायाने उडवीत होती, ती यांनी पाहिली आणि २००१ पासून अशा पोरांसाठी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या. ‘झुंड’ हा २०२२ चा चित्रपट त्यांच्यावरून निघाला, म्हणून त्यांचे नाव घरोघर गेले. चित्रपट निघाला नसता तरी पोरे खेळलीच असती, हे महत्त्वाचे.

भाच्याचा राग आठवडाभराने निवला. नवा खेळ त्याने मिटून ठेवला आणि तो पुन्हा पुण्याच्या संघाकडे गेला. पण एके दिवशी त्याने मला त्या खेळाच्या पोटातली एक गोष्ट सांगितली आणि माझी झोप उडवली. जगभरातले हजाराहून अधिक लोक या खेळासाठी खेळाडूंची माहिती गोळा करतात. वेग, दम, धीर, चेंडूवरचा ताबा, अशा एकेका गुणाला एकपासून वीसपर्यंत आकडा देतात. ही माहिती इतकी कसून केलेली असते, की २००८ साली एव्हर्टनसारख्या इंग्लंडातल्या नामांकित क्लबाने खेळाडू शोधण्यासाठी ती वापरण्याचा करार केला. इथवर ठीक. पण प्रत्येक खेळाडूच्या खात्यात आणखी एक झाकलेला आकडा असतो, दोनशेपैकी. हा मुलगा जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकेल, याचा तो आकडा. व्यवस्थापकाला तो दिसत नाही. आणि तुम्ही कितीही मेहनत घेतली तरी मुलगा त्याच्या पलीकडे जात नाही.

मी पुष्कळ वर्षे हजेरीपत्रक भरतो आहे. वर्गातल्या चाळीस नावांपुढे असा झाकलेला आकडा लिहिलेला असता तर, असा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला. मग वाटले, आपण नाही का लिहीत? ‘याच्याकडून काही होणार नाही’ असे ज्याच्याविषयी आईबाप, शेजारी, मास्तर हळूच बोलतात, त्याच्यापुढे कोणीतरी तो आकडा लिहूनच टाकलेला असतो. फरक इतकाच, की खेळातला आकडा निदान तो पोरगा वाचत नाही. आपले पोर तो रोज आपल्या डोळ्यांत वाचते.

अंजनगावच्या पानमळ्यांत मी लहानाचा मोठा झालो. मळ्याचा धनी वेलीला ओढून वर नेत नाही. तो आधाराला शेवरी लावतो, सावली धरतो, पाणी देतो, वेल घसरू लागली की हलक्या हाताने बांधतो. कोणती वेल कुठवर जाईल, ते तो वेलीवर सोडतो. खेळवणाऱ्याची विद्या ही एवढीच.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या आणि आमच्या शाळेत निवडणुकीच्या कामांमुळे कबड्डीच्या पोरांकडे पाहायला कोणी मोकळे नव्हते. फुटबॉल आमच्याकडे कोण खेळतो? जिथे १९१४ पासून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आखाड्याची माती आहे, आणि जिथली मंडळी १९३६ साली थेट बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली, तो हा मुलूख. मी भाच्याला म्हटले, “बारा पोरं आहेत. सात खेळतात, पाच बसतात. कोणते सात, ते तू ठरव.”

“मले कबड्डी कुठं येते, मामा?”

“तुला फुटबॉल तरी कुठं येतो?”

तो आला. पहिले चार दिवस नुसता बांधावर बसून वहीत काही लिहीत राहिला. पोरांनी त्याचे नाव ‘तलाठी’ ठेवले. पाचव्या दिवशी त्याने बाहेर बसणाऱ्यांतला एक किरकोळ पोरगा उचलून उजव्या कोपऱ्यात उभा केला. कारण विचारले तर म्हणाला, “चढाईवाला कुठं शिरणार, ते हा बाहेरून सगळ्यांच्या आधी ओरडते. बाकीच्याइले दिसत नाही, याले दिसते.” त्याच पोराच्या पकडींवर आम्ही पहिला सामना काढला. दुसरा हरलो, आणि चांगलाच हरलो. परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरे गात होती आणि भाचा हरल्याची कारणे लिहीत होता.

ती वही त्याने मला दाखवली. बारा नावे, प्रत्येकापुढे वेग, दम, धीर, पकड, ऐकणे, असे रकाने आणि विसापैकी आकडे. ‘ऐकणे’ हा रकाना त्याने स्वतःचा घातला होता. शेवटी आणखी एक रकाना आखलेला होता. त्याला डोके नव्हते, त्यात आकडाही नव्हता. मी त्यावर बोट ठेवले.

“तो कोराच आहे, मामा,” तो म्हणाला. “तो मी नाही भरणार.”

त्याला नोकरी अजून लागलेली नाही. लागली असे लिहून दिवाळीचा गोडवा वाढवण्यात अर्थ नाही. अर्ज चालू आहेत. संगणकात पुणे सिटीचे सामनेही चालू आहेत. पण आता तो सकाळी सहाला मैदानावर असतो, कारण बारा पोरे त्याच्या आधी येऊन दोऱ्या ताणून बसलेली असतात. पाहुणे आले तर तो पुढल्या दाराने बाहेर पडतो. ‘सध्या काय चाललंय?’ असे कोणी विचारले, तर उजव्या कोपऱ्याची अडचण सांगू लागतो आणि विचारणाऱ्यालाच पळवून लावतो.

पगार किती भेटते, हे ताईने या खेपेस विचारले नाही. फडताळातला एक मोठा डबा तिने वेगळा काढला आहे. त्यात रोज रात्री ती बारा जणांपुरते हरभरे भिजत घालते.